दोन सह्या

सोनिवलीतल्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर किर्ती अहिरे एकटीच राहायची. वय छत्तीस, नोकरी बदलापूरच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाईंची, आणि उरलेला सगळा वेळ स्वतःच्या चित्रांचा. घरात पलंग एक आणि कॅनव्हास पन्नास. बारा वर्षं ती मुंबईला चित्रं पाठवत होती आणि बारा वर्षं ती परत येत होती. परत पाठवणारे बोलायचे मात्र गोड. रंग छान आहेत, हात चांगला आहे, पण हे नक्की कुठलं आहे ते कळत नाही.

आता ते कुठलं होतं हे सांगायचं, तर तिच्या आईवडिलांपासून सुरुवात करायला हवी.

दिनानाथ अहिरे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे निफाडकडचे, घराणं छप्पन सालापासून बौद्ध, आणि राहायला मोरिवलीत, कारखान्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चाळीत. सुट्टीच्या दिवशी ते बाहेरची कामं घ्यायचे. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मंगवाणी म्हणून एका सिंधी कुटुंबाचा पापडाचा धंदा होता. त्यांचं पीठ मळायचं मशीन बिघडलं की दिनानाथना निरोप यायचा. सत्त्याऐंशी साली ते मशीन फारच वेळा बिघडलं. मंगवाणींची मुलगी ईश्वरी पुढे कधीतरी हसत सांगायची, की दोनदा तरी पट्टा मीच काढून ठेवला होता.

त्याच वर्षी दोघांनी कोर्टात लग्न केलं. ईश्वरीच्या वडिलांनी जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ केली. इकडे मोरिवलीत दिनानाथांची आई चांगुणा म्हणाली, आपल्यातल्या पोरी काय मेल्या होत्या का? पण तिने सुनेला घरात घेतलं. पुढे जन्मभर ती शेजारणींना सांगत राहिली, सून सिंधी आहे पण बरी आहे. हा ‘पण’ तिने मरेपर्यंत सोडला नाही.

किर्ती सहा वर्षांची झाली तेव्हा नानी अंथरुणाला लागली आणि कॅम्पातलं दार उघडलं, तेही अर्धंच. ईश्वरी आईच्या सेवेला जायची आणि सोबत किर्तीला न्यायची. शाळाही तिथलीच घेतली. मग सोमवार ते शनिवार कॅम्प आणि रविवार मोरिवली, असं तिचं लहानपण वाटलं गेलं. कॅम्पात सकाळी कांदा घातलेली जाड पोळी म्हणजे कोकी, चालिहाचे चाळीस दिवसांचे उपास, झूलेलालची आरती. मोरिवलीत विहारातली वंदना, एप्रिलमधली मिरवणूक, चांगुणा आजीच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण. मोरिवलीत ती आईला आई म्हणायची आणि कॅम्पात पाऊल टाकलं की अमां. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवल्या त्या वेगळ्याच गोष्टी. नानीकडे पाहुणे आले की तिची ओळख ‘ईश्वरीची मुलगी’ एवढीच व्हायची, आणि कुणी आडनाव विचारायच्या आत नानी तिला पाणी आणायला आत पाठवायची. मोरिवलीत ती वंदनेला बसली की मागच्या रांगेतल्या पोरी कुजबुजायच्या, पापड आली, पापड. कॅम्पात ती अर्धवट सिंधी होती आणि मोरिवलीत अर्धवट अहिरे. तरी तिला दोन्हीकडे करमायचं. चांगुणा आजी गोधडी शिवायची आणि नानी रल्ली. दोन्ही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांच्या, टाका तेवढा वेगळा. किर्तीच्या चित्रांत हे दोन टाके एकाच कापडावर यायचे. तिच्या लेखी त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

मार्च महिन्यात मनाली तिच्या घरी आली. मुंबईत मनालीचं स्वतःचं कलादालन होतं आणि कामगार वस्त्यांतल्या दलित चित्रकारांचं मोठं प्रदर्शन ती भरवणार होती. तिने पन्नासही कॅनव्हास उलटून पाहिले. शेवटी एकापाशी थांबली. जमिनीवर बसून पापड लाटणारी बाई, जवळजवळ खऱ्या आकाराची, आणि उजव्या कडेला उभ्या पट्टीत चार ओळींचं लिखाण.

“ही कोण?”

“माझी आई.”

“आणि हे उर्दू?”

“सिंधी. आई सिंधी आहे माझी. मी ब्रश हातात दिला आणि म्हटलं, वाटेल ते लिही. तिने लिहिलं.”

“काय लिहिलंय?”

“मला वाचता येत नाही. माझं नाव तेवढं ओळखता येतं.”

 मनाली खुर्ची ओढून किर्तीच्या समोर बसली. “राग मानू नकोस किर्ती. तुझ्या हातात खूप ताकद आहे. पण तू एका चित्रात दोन गोष्टी सांगतेस आणि बघणाऱ्याकडे असतं अर्धं मिनिट. मोरिवली, कारखाना, वडील, आजी, ही सलग गोष्ट आहे. ती सांग. ते दुसरं पुढे कधीतरी बघू.”

“ते दुसरं म्हणजे आई आहे.”

“आई राहू दे की. फक्त ती अक्षरं काढ. कष्टकरी बाई म्हणून चित्र केवढं मोठं होईल बघ.”

किर्तीने दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, मनाची समजूत घातली. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चार जिने चढून आलं होतं. एकदा नाव झालं की मग आपल्याला हवं ते काढता येईल, असं सगळेच म्हणतात, तसं तीही म्हणाली. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने त्या पट्टीवर निळा रंग चढवला. अक्षरं सहजासहजी बुजेनात. तीन हात द्यावे लागले. वरून काही दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं की खालच्या ओळी लागायच्या.

पुढच्याच महिन्यात भूपेश मंगवाणी मिठाईचा पुडा घेऊन आला. भूपेश म्हणजे ईश्वरीच्या भावाचा मुलगा, किर्तीचा मामेभाऊ, कॅम्प एकमधला पडद्यांच्या कापडाचा व्यापारी. तिथे समाजाचा नवा हॉल झाला होता आणि भूपेश त्याच्या कमिटीवर होता. हॉलच्या लांबलचक भिंतीवर त्यांना चित्र हवं होतं. सिंधमधून निघालेले लोक, कराचीची बोट, इथल्या लष्करी बराकी, आणि त्यातून उभं राहिलेलं उल्हासनगर.

ईश्वरीला हे फोनवर कळलं तेव्हा तिने तीनदा विचारलं, “भूपेशने स्वतः सांगितलं? कमिटीला माहीत आहे, माझी मुलगी आहे म्हणून?” सदतीस वर्षांनी माहेरच्या लोकांनी काहीतरी मागितलं होतं. ती दिवसभर गुणगुणत होती, असं दिनानाथांनी नंतर सांगितलं.

सहीची गोष्ट भूपेशने सगळं ठरल्यानंतर काढली.

“देख किर्ती, काम तेरा, नाम भी तेरा. बस सरनेम मंगवाणी डाल. नाना का नाम रहेगा. कमिटी में सब बूढ़े लोग हैं, अहिरे पढ़ेंगे तो सौ सवाल पूछेंगे.”

“अहिरे माझ्या वडिलांचं नाव आहे.”

“मालूम है. फूफाजी की मैं इज्जत करता हूँ. पर दीवार हमारी है ना.”

बघू, म्हणाली ती. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. एकदा झाकायला हात सरावला की दुसऱ्यांदा तो अडखळत नाही. आईला किती आनंद झालाय, असं एक कारणही तिच्यापाशी आयतंच होतं.

भिंतीचं काम अठरा दिवस चाललं. परांची बांधायला माणूस मिळेना, तेव्हा दिनानाथच पुढे झाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण लोखंडी पाइप आणि क्लॅम्प हातात आल्यावर त्यांना तरतरी आली. रोज सकाळी ते मोरिवलीहून डबा घेऊन यायचे, परांची हलवायचे, रंगाचे डबे वर द्यायचे आणि खाली उभे राहून पाहायचे. बोटीवर गर्दीत एक दहा वर्षांचा मुलगा होता, तो किर्तीने नानाच्या फोटोवरून काढला होता.

“नाक चुकलंय,” दिनानाथ खालून म्हणाले.

“फोटोत असंच आहे पप्पा.”

“फोटोत समोरून आहे. बाजूने त्याला बाक होता. मी मशीनपाशी वाकून बसायचो तेव्हा तेच दिसायचं वर. मला त्या माणसाने कधी चहा विचारला नाही, पण नाक त्याचं त्याला दे.”

किर्तीने नाक बदललं. चेहरा लगेच जिवंत झाला.

शेवटच्या दिवशी सही करायच्या वेळी तिने दिनानाथना भाड्याचे पाइप परत द्यायला पाठवलं. ते आले तेव्हा भिंतीवर पडदा होता.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. ईश्वरीने लग्नातली साडी नेसली होती. दिनानाथ पांढरा शर्ट घालून मागे उभे होते. पडदा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हातारी माणसं भिंतीजवळ जाऊन बराकींना हात लावून पाहू लागली. दिनानाथही पुढे गेले. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला आणि खाली वाकून कोपऱ्यातली सही वाचली. किर्ती मंगवाणी. त्यांनी ती एकदा वाचली असेल की दोनदा, कोण जाणे. पण उठायला त्यांना वेळ लागला आणि किर्तीला ते गुडघ्यांमुळे नाही हे कळत होतं.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष भूपेशबरोबर तिथे आले. “और ये साहब?” त्यांनी दिनानाथांकडे पाहून विचारलं.

“ये? ये अपने मिस्त्री हैं,” भूपेश म्हणाला. “परांची इन्होंने बाँधी. बहुत मेहनत की.”

अध्यक्षांनी दिनानाथांच्या खांद्यावर थोपटलं. दिनानाथांनी हात जोडले. किर्ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं, तेही चार शब्दांचं. तिने जमिनीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि फोटो काढणाऱ्या कुणीतरी हाक मारली तशी तिकडे वळली.

बोलली ती ईश्वरी. ती गर्दीतून पुढे आली आणि अध्यक्षांना सिंधीत स्वच्छ म्हणाली, की हा माझा नवरा आहे. ज्या मुलीने ही भिंत रंगवली तिचा बाप आहे. मग तिने दिनानाथांचा हात धरला आणि दोघं जेवणासाठी न थांबता निघून गेली. भूपेश किर्तीला म्हणाला, “बुआ भी ना.” 

दुसऱ्या दिवशी तिने मोरिवलीला फोन केला. ईश्वरीने उचलला. “तुझ्या पप्पांनी अठरा दिवस ओझी उचलली,” ती म्हणाली. “त्यांचं नाव तुला जड झालं?” किर्तीने भूपेशचं नाव पुढे केलं, कमिटीचं केलं, आणि शेवटी म्हणाली, “तुझ्यासाठीच केलं मी.” ईश्वरीने फोन ठेवला.

मुंबईचं प्रदर्शन ऑगस्टमध्ये उघडलं. दिनानाथ आले नाहीत. ईश्वरी आली. भिंतीच्या वादावर आता पडदा टाकायचा असं ठरवून ती आली असावी, कारण दारातच तिने मुलीच्या गालावरून हात फिरवला. सगळीकडे किर्ती अहिरे हे नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि ते पाहून तिला बरंही वाटलं.

मग ती स्वतःच्या चित्रापुढे गेली. खाली पाटी होती, ‘श्रम, मोरिवली’. शेजारच्या मजकुरात लिहिलं होतं, की पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत राहिलेल्या घरातल्या एका बाईचं हे चित्र आहे. ईश्वरीने उजव्या कडेला पाहिलं. जवळ गेली. निळ्या पट्टीवर तिने बोट टेकवलं आणि ते हळूहळू खाली आणलं, उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. रखवालदार म्हणाला, बाई, हात लावू नका. तिने हात काढून घेतला.

एका वर्तमानपत्राची मुलगी वही घेऊन पुढे आली. चित्रातली बाई समोर उभी पाहून तिला फार आनंद झाला होता. “आई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

ईश्वरीने किर्तीकडे पाहिलं. किर्तीच्या शेजारी मनाली होती, आणखी दोघं मोठी माणसं होती, आणि किर्तीच्या चेहऱ्यावर काय होतं ते आईला वाचता आलं.

“मोरिवलीची,” ईश्वरी म्हणाली. “अहिऱ्यांची.” तिचं मराठी अगदी चांगुणाच्या वळणाचं होतं.

“आणि माहेर?”

“माहेर नाही मला.”

मुलीने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बातमीचा मथळा झालं. चित्र पहिल्याच दिवशी विकलं गेलं.

मनालीने परतीसाठी गाडी करून दिली होती. गाडी ऐरोलीच्या पुलावर आली. मग किर्तीने विचारलं, “काय लिहिलं होतंस तू तिथे?”

“पुसल्यावर विचारतेस?”

“सांग ना.”

ईश्वरीने खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटून घेतले. त्या चार ओळींत काय होतं ते तिने कधीच सांगितलं नाही.

आता खरं म्हणजे किर्तीचं बरं चालायला हवं होतं. ऑक्टोबरमध्ये मोरिवलीच्या विहाराने तिचा सत्कार ठरवला. सुजित नावाचा तरुण सगळी धावपळ करत होता. त्याचे वडील आणि दिनानाथ एकाच शिफ्टला होते. फलक छापून झाले, आणि दोन दिवस आधी कुणीतरी कॅम्पातल्या भिंतीच्या कोपऱ्याचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. किर्ती मंगवाणी. खाली कुणी लिहिलं, ही तर सिंधीण आहे. कुणी लिहिलं, आपलं नाव वापरून चित्रं विकते.

सुजित स्वतः सोनिवलीला आला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने.

“ताई, फोटो खरा आहे?”

“हो.”

“मग आम्ही लोकांना काय सांगायचं?”

“सुजित, तू मला लहानपणापासून बघतोस. मी दिनानाथ अहिऱ्यांचीच मुलगी आहे.”

“मला माहीत आहे ताई. मला कुणी सांगायला नको. पण तिथे सही करताना तुम्हीच आम्हाला ओळख दाखवली नाही.”

सत्कार पुढे ढकलल्याचं त्यांनी कळवलं. पुढचा दिवस कधी ठरलाच नाही. फोटो मुंबईपर्यंत पोचला तेव्हा मनालीचा फोन आला. चित्र घेणारे विचारत होते, हे प्रकरण काय आहे. “आई सिंधी आहे हे तू मला सांगायला हवं होतंस,” मनाली म्हणाली.

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तूच म्हणालीस, बाजूला ठेव.”

“मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही,” मनाली म्हणाली, आणि ती खोटं बोलत होती असंही वाटलं नाही. पुढच्या प्रदर्शनाच्या यादीत किर्तीचं नाव नव्हतं. तिकडे कमिटीच्या म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण वाचलं होतं. त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवली, नेमकी सहीवर. भूपेशने फोन करून सांगितलं की जागा दुसरीकडे कुठे नव्हती.

किर्तीने अर्धं लपवलं होतं, आता उरलेलं अर्धंही कुणी खरं मानेना. ती खरोखरच अहिरे होती आणि खरोखरच मंगवाणींची नात होती. पण हे आता कुणाला जाऊन सांगायचं? जिथे सांगायची वेळ होती तिथे ती गप्प राहिली होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती मोरिवलीला गेली. दिनानाथ ओट्यावर बसून पंख्याची मोटर खोलत होते. ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. “पप्पा, माझं चुकलं,” ती म्हणाली. पाठ करून आणलेलं पुढचं सगळं ती विसरली.

दिनानाथांनी स्क्रू एका झाकणात काढून ठेवले. मग म्हणाले, “लोकांनी आम्हाला काय कमी बोल लावले? तिच्या बापाने, माझ्या आईने, ह्या चाळीने. तेव्हा राग यायचा. पण घरात येऊन दार लावलं की आम्ही दोघं एकमेकांना पुरायचो. मग तू झालीस. म्हटलं, आता हिच्यात तरी आपण दोघं एकत्र राहू. कुणी वेगळं करणार नाही.”

त्यांनी मोटरची तार सोडवून बाजूला ठेवली.

“तू आम्हाला सुटं सुटं विकलंस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “रागसुद्धा येत नाही आता. राग आला असता तर बरं झालं असतं.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. ईश्वरी दारात आली. किर्ती उठली. तिला वाटलं, आई काहीतरी बोलेल, निदान रडेल.

“थांबणार आहेस का?” ईश्वरीने विचारलं. “भात किती टाकायचा ते कळायला हवं.”

“नाही. उद्या शाळा आहे.”

“बरं,” ईश्वरी म्हणाली, आणि दोघांपुरता तांदूळ मोजायला आत गेली.